एका फोटोला एक पाऊल

१

बल्ब निवडण्यात आमचे अकरा दिवस गेले, आणि खरं सांगते, इतकी मजा मला त्याआधी कशातच आली नव्हती.

मी जया. आर्णीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मार्च लागला की शाळा सकाळची होते आणि साडेबारापर्यंत मी तांड्यावर घरी परत येते. त्या वर्षी मी खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचा सिनेमा करायला घेतला होता. विटांचेच बैल, विटांचीच माणसं. त्यांना केसभर सरकवायचं, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचं, पुन्हा फोटो. असे बारा फोटो एकामागून एक पळवले की पडद्यावरचा एक सेकंद होतो. गोष्ट आमच्याच लोकांची होती: लदेणीची. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरणाऱ्या आमच्या जुन्या माणसांची. चौदा बैल झाले होते, सात माणसं, एक कुत्रं. नागपूरला छोट्या सिनेमांचा महोत्सव होता आणि महिनाअखेरपर्यंत सिनेमा पाठवायचा होता.

कापूस विकून झाल्यामुळे कापसाची खोली रिकामी होती. एक दार, एक खिडकी. खिडकीवर आम्ही काळी ताडपत्री ठोकली, कारण उन्हाचा भरवसा नसतो. ढग आला की फोटो काळवंडतो. भिंतीवर निळी चादर ताणून आभाळ केलं. तिच्यापुढे टेबल, टेबलावर वाट, वाटेवर बैल. पंखा लावायचा नाही, चादर हलते. बाहेर चाळीसचा पारा आणि आत आम्ही दोघं घामाघूम.

दुसरे म्हणजे बापू. माझे वडील, देवसिंग. एसटीच्या डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना हातात पकड घ्यायला निमित्तच मिळत नव्हतं. मी म्हटलं, "बापू, माझ्या सिनेमाला दिवे पाहिजेत," तेव्हा ते बाजेवरून असे उठले, की याडीला, म्हणजे माझ्या आईला, वाटलं बाजेखाली साप निघाला.

२

पहिला बल्ब जुना, तारेचा, शंभर वॅटचा. उजेड सुंदर, पण दहा फोटो सलग पाहिले तर आभाळ श्वास घेतल्यासारखं उजळायचं, मंदावायचं. बापूंनी मीटर लावला. "पाह्य, दोनशे अडतीस. आता दोनशे अकरा. कोनाची तरी मोटार चालू झाली वावरात. हा बल्ब व्होल्टेजसंग नाचते. काढ."

दुसरा स्वस्तातला एलईडी. डोळ्याला झकास, फोटोत मात्र आडवे पट्टे. बापूंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या उजेडात जोरात हलवली. हवेत एका पेन्सिलीच्या दहा पेन्सिली दिसल्या, सुट्या सुट्या.

"दिसलं? हा दिवा सारखा विझून राह्यला अन् पेटून राह्यला. आपल्या डोळ्याले कळत नाई, कॅमेऱ्याले कळते."

मग जुना सीएफएल आला, तो गरम व्हायलाच पाच मिनिटं घ्यायचा. मग पांढराफटक एलईडी, त्यात विटांची माणसं आजारी दिसायची. बापू दर दुसऱ्या दिवशी एसटीने आर्णीला जायचे आणि पिशवी भरून यायचे. दुकानदार त्यांना पाहून हसायचा म्हणे. बापू त्याच्या दुकानातच पेन्सिल हलवून बघायचे.

अकराव्या दिवशी एक दुधी काचेचा बल्ब आणला, किंचित पिवळसर. पेन्सिल हलवली. एकच सलग पट्टा दिसला, धुरासारखा. मीटरचा काटा वरखाली झाला, उजेड जागचा हलला नाही. विटा फार चकाकायच्या, म्हणून पुढं बटर पेपर लावला, आणि समोर लदेणी अशी उभी राहिली, की जणू खरंच सकाळचे सात वाजलेत आणि बैल आत्ता चालू लागतील.

"बिजली!" बापू ओरडले. "ये बिजली, इकडं ये, पाह्य!"

बिजली हे याडीचं नाव. ती तूर पाखडता पाखडता सूप घेऊनच आली. तिने बैल पाहिले, बल्ब पाहिला, आणि आमच्या दोघांकडे पाहून म्हणाली, "बह्याड झाले दोघंबी."

३

पहिल्या दिवशी साठ फोटो काढले. पाच सेकंद! मी लॅपटॉपवर चालवून पाहिले. बैल चालले. खरंच चालले. मी आणि बापूंनी ते पाच सेकंद तीसेक वेळा पाहिले असतील. बापू प्रत्येक वेळी कुत्र्याच्या शेपटीला हसायचे.

त्यातल्याच एका वेळी मला डावा कोपरा दिसला. आभाळाच्या डाव्या कडेला एक काळसर उभा डाग होता. बोटभर. सुरुवातीच्या फोटोंत नव्हता, विसाव्याच्या आसपास उगवला होता.

"माझीच सावली असंल," मी म्हटलं. असं होतं. कपड्यांचा रंगसुद्धा उजेडात मिसळतो, म्हणून ही कामं करणारे काळे कपडे घालतात आणि फोटोच्या वेळी दर वेळी एकाच जागी बसतात. दुसऱ्या दिवशी मी काळा ड्रेस घातला. स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. बापूंनाही काळा शर्ट दिला. ते डावीकडे, दिव्यापाशी मीटर धरून बसायचे.

डाग होताच. आता दोन बोटं रुंद.

आणि डोळ्यांना दिसत नव्हता. मी चादरीपाशी नाक लावून पाहिलं. स्वच्छ निळी चादर. फोटो काढला की फोटोत डाग.

मी कॅमेऱ्याची काच पुसली. लेन्स बदलली. कार्ड बदललं. मग मी चिडले नाही, उलट पेटले. अकरा दिवस बल्बांशी झुंजलेली माणसं आम्ही, हा एक डाग काय मोठा! बापूही तसेच. त्यांनी बल्ब काढून खोक्यातला जोडीचा दुसरा लावला. तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास फोटो काढले.

त्या संध्याकाळी मी बैलांकडे न बघता फक्त डावा कोपरा पळवला.

डाग लुकलुकत नव्हता. तो चालत होता. थोडा डावीकडे झुकायचा, थोडा उजवीकडे, आणि दर झुकण्यात पुढे सरायचा. माझे बैल चालायचे तसा.

४

मी डोकं शांत ठेवलं. एक एक फोटो उघडून तपासला.

साठावा फोटो पहिल्या दिवशीचा शेवटचा होता. एकसष्टावा दुसऱ्या दिवशीचा पहिला. मध्ये वीस तास गेले होते. डाग वीस तास जागचा हलला नव्हता. साठमध्ये होता तिथून एकसष्टमध्ये केसभर पुढे. जेवायला उठलो होतो तेव्हाही तसंच. लाइट गेली होती तेव्हाही तसंच. आम्ही फोटो काढू तेव्हाच तो सरकत होता. एका फोटोला एक पाऊल.

मी बापूंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा लावला आणि पहिला, मधला, शेवटचा असे तीन फोटो शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.

"सावली मोठी होऊन राह्यली," ते म्हणाले.

"हो."

"अन् कडा पुसट होऊन राह्यल्या."

"हो. मग?"

बापूंनी हात भिंतीजवळ नेला. भिंतीवर हाताची सावली पडली, लहान, ठसठशीत. मग हात हळूहळू दिव्याकडे आणला. सावली वाढत गेली, फिसकटत गेली.

"मंग हेच, पोरी. ते भिंतीपासून निघालं. दिव्याकडं येऊन राह्यलं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. कुठेतरी फटीत अडकलेला कापसाचा पुंजका उष्णतेने हलत होता. मला पहिल्यांदा लक्षात आलं, की आपण इतके दिवस 'डाग' म्हणत होतो आणि बापू आता 'ते' म्हणाले.

पण बापूंचा चेहरा घाबरलेला नव्हता. बिघडलेल्या बसचं बॉनेट उघडलं की व्हायचा तसा झाला होता.

"कुठं उभं हाय ते काढता येते," ते म्हणाले. "उजवीकडं दुसरा दिवा लाव. बटर पेपर काढ."

५

दोन दिवे, दोन सावल्या. मी एक फोटो काढला. चादरीवर खरोखरच दोन सावल्या उमटल्या होत्या, एक मोठी, एक जरा लहान.

लेन्सवरची घाण दोन दिव्यांनी दोन होत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी मनात म्हणत राहिले, काहीतरी असेल. कॅमेऱ्याच्या आतलं काहीतरी, मला न शिकवलेलं काहीतरी.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून सांगत गेले आणि बापूंनी चादरीवर टाचण्या टोचल्या, दोन्ही सावल्यांच्या वरच्या टोकाला. तिथून पांढरा दोरा निघाला, थेट त्या त्या दिव्यापर्यंत. दोन टाचण्या, दोन दोरे. खोलीच्या पोकळीत ते एका जागी एकमेकांना टेकले. बापूंनी तिथं गाठ मारली.

गाठ टेबलाच्या डाव्या बाजूला, रिकाम्या हवेत होती. माझ्या छातीएवढ्या उंचीवर.

"हे त्याचं डोकं," बापू म्हणाले, आणि मग सावरून, "जे काई असंल त्याचं वरचं टोक."

मी हात पुढे केला. गाठीच्या खालून फिरवला. काही लागलं नाही. हवा होती, गरम, बाकीच्या खोलीसारखीच. मी हात लवकर मागे घेतला, इतकंच.

"बापू, ते तुमच्याकडं येतंय," मी म्हटलं. गाठीपासून डावा दिवा हाताच्या अंतरावर होता आणि दिव्यामागे बापूंचं स्टूल. "बंद करू."

"किती फोटो राह्यले?"

"बेचाळीस."

"साडेतीन सेकंद," बापू म्हणाले. मी कधी त्यांना हिशेब शिकवला नव्हता. "जा, चहा कर. मी आनखी काई मोजतो."

मी चहा ठेवला. दोनदा खोलीतून कॅमेऱ्याचा आवाज आला. खट. जरा वेळाने, खट. मी धावत आले तेव्हा दोरे काढून झाले होते. जमिनीवर कापसाचं रिकामं पोतं अंथरलेलं होतं.

"पाय भाजतात फरशीवर," बापू म्हणाले.

६

मला थांबायचं होतं असं मी सांगू शकते, पण ते खोटं होईल. मला ते बेचाळीस फोटो हवे होते. लदेणी नदीपाशी पोचते, बैल पाण्याला तोंड लावतात, कुत्रं मागे वळून बघतं. तिथेच सिनेमा संपतो. मी त्या वळणाऱ्या कुत्र्यासाठी चार महिने थांबले होते.

आणि बापूंना माझ्यापेक्षा घाई.

"आज बटन मी दाबतो," सकाळीच त्यांनी जाहीर केलं. रविवार होता. "इतके दिवस नुसता मीटर धरून बसलो. मलेबी येऊ दे मजा. तू बैल सरकव अन् दाराजवळ जाऊन उभी राह्य. बटनाले हात लावू नको, मी दाबतो. अन् मी सांगतलं का मंगच आत यायचं."

ते माझ्या स्टुलावर बसले. मी प्रत्येक वेळी टेबलाच्या उजव्या अंगाने जायचे, चौदा बैल केसभर सरकवायचे, दाराशी परत यायचे.

"हं," मी म्हणायचे.

खट.

"दहा झाले!" बापू म्हणायचे. "वीस! जया, वीस झाले वं!" मीही ओरडायचे. काय सांगू, इतक्या विचित्र गोष्टीतही आम्ही खूश होतो. बैल खाली वाकत होते. सेकंदभराचं पाणी मी निळ्या चकचकीत विटांचं केलं होतं आणि त्यावर दुधी बल्बाची तिरीप थरथरत होती.

तिसाव्यानंतर बापूंनी आकडे सांगणं बंद केलं. माझ्या 'हं' नंतर आता खट यायला वेळ लागू लागला. मी विचारलं, "थकलात का?" त्यांनी मानेने नाही म्हटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते, पण बैलांकडे नाही. जरा डावीकडे, आणि जवळ.

चाळिसावा. एकेचाळिसावा. मी कुत्र्याची मान वळवली, दाराशी आले.

"हं."

बापूंनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

७

शेवटच्या तीन फोटोंत सावली नव्हती. चादर साफ निळी.

"गेलं!" मी म्हटलं. "बापू, गेलं ते!"

"दिव्याच्या मांगं गेलं का सावली पडत नाई," बापू म्हणाले. तेवढंच. मग उठले, सावकाश, बाजूला कोणी झोपलेलं असावं तसे.

मी रात्रीच सिनेमा जोडला आणि पाठवला. डाव्या कोपऱ्यातला डाग मी प्रत्येक फोटोत पुसून आभाळ केलं. दुसऱ्या दिवशी खोली झाडायला गेले आणि पोतं उचललं.

खाली खडूच्या तीन फुल्या होत्या. गाठीतून ओळंबा सोडून खाली केलेल्या. पहिली टेबलाच्या डाव्या बाजूला, दुसरी तिच्या पुढे बोटभर, तिसरी आणखी बोटभर. मी उकिडवी बसले आणि तिन्ही एका रेषेत घेऊन पुढे पाहिलं.

रेष बापूंच्या डाव्या दिव्याकडे जात नव्हती. ती दिव्याच्या बाजूने निघून सरळ माझ्या स्टुलाच्या खडूच्या खुणांपाशी जात होती.

बापूंनी हे चहा होईपर्यंत काढलं होतं, आणि मग मजा करायची म्हणून माझी जागा मागितली होती.

मी त्यांना जाऊन विचारलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. "काहून असं केलं?"

"मंग काय तुले बसवू?" ते म्हणाले.

"आता कुठं आहे ते?"

त्यांनी गोधडीची कड नीट केली. तेव्हा मी पाहिलं, ते बाजेच्या कडेला बसले होते. अगदी टोकाला, एका मांडीवर. अर्धी बाज रिकामी, आणि रिकाम्या बाजूला गोधडीत खळगा.

त्या दिवसापासून ते तसेच बसायचे. जेवायला बसले तरी डावीकडे जागा. एसटीत दोघांच्या सीटवर खिडकी सोडून कडेला. मी स्वतःला समजावलं, म्हातारपण, कंबर, भीती मनात बसली. नीट खायचे, बोलायचे, हसायचेसुद्धा. फक्त फोटो काढू द्यायचे नाहीत. चुलतभावाच्या साखरपुड्यात सगळे रांगेत उभे राहिले, बापू मंडपाच्या मागे निघून गेले.

"जोपर्यंत फोटो नाई, तोपर्यंत ते जागेवर हाय," मला एकदाच म्हणाले. "मी भागवून घेईन. तुह्या याडीले सांगजो नको."

मी नाही सांगितलं.

८

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला, नागपूरहून फोन आला. आमची 'लदेणी' निवडली गेली होती. मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. मी फोन आतच टाकून अंगणात अक्षरशः नाचले. बापू बाजेवरून ओरडले, "कुत्र्याची शेपटी दिसंल का वं पडद्यावर? मोठी?"

"बैलाएवढी दिसंल!"

याडी उंबरठ्यावर बसून तूर पाखडत होती. ती हसत उठली, सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि आत गेली. बाहेर आली ती माझा फोन घेऊन. मी पाठमोरी असताना तिने तो समोर धरला होता.

"बसा जवळ जवळ," ती म्हणाली. "देवीपुढं ठेवते फोटो."

"बिजली, नको!" बापू म्हणाले.

याडीला बटण हलकं दाबायची सवय नाही. ती अंगठा टेकवते आणि धरून ठेवते. धरून ठेवलं की त्या फोनमध्ये फोटो थांबत नाहीत.

खटखटखटखटखटखट.

मी धावले. मी तिचा हात झटकला. तोवर झालं होतं. फोन माझ्या हातात होता आणि त्यावर आकडा होता एकतीस.

मी अंगठ्याने ते फोटो सरकवले, सिनेमा पळवते तसे. पहिल्यात बापू बाजेच्या कडेला, हात पुढे केलेला, बाजूला गोधडीत खळगा. चौथ्यात गोधडी सपाट. मग अंगणातल्या उन्हात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, एक सावली. थोडी डावीकडे झुकलेली, थोडी उजवीकडे. बाज आणि उंबरठा यांच्यामध्ये, प्रत्येक फोटोत जवळ. सत्ताविसाव्यात तिला वरच्या बाजूला काहीतरी फुटलं होतं, हात म्हणावा असं, फोनच्या दिशेने. मग चार फोटो नुसते काळे.

"माहं बोट आलं असंल," याडी म्हणाली.

मी वर पाहिलं. बापू बाजेवर मागे टेकले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण बाजेवर, पाय पसरून, दोन्ही तळहात गोधडीवर उताणे. त्यांच्या बाजूला जागा उरली नव्हती. ते याडीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"असे काहून पाहून राह्यले मले दोघंबी?" याडी हसली. "आनंदाची गोष्ट हाय न?"

ती पुन्हा उंबरठ्यावर बसली. सूप मांडीवर घेतलं. आणि मग, बोलता बोलता, खाली न बघता, जराशी उजवीकडे सरकली आणि डावीकडे एका माणसापुरती जागा केली.